ल्यूटची पहिली तार

सिंगापुरातल्या आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये ल्यूट आलं तेव्हा मी त्याला 'अर्धी पपई' म्हणालो. युरोपातलं चार-पाचशे वर्षांपूर्वीचं वाद्य आहे, असं बायकोने सांगितलं. तसं दिसतच होतं. पोट सुटलेलं, मान मागे मोडलेली, पडदे म्हणून दांडीभोवती तात गुंडाळून मारलेल्या गाठी. आणि आवाज एवढासा, की शेजारच्या चिनी आजींनी कढईत लसूण टाकला की संपला.

"पंचेचाळिशीत शिकायचंच होतं तर सतार शिकायचीस," मी म्हणालो. "निदान ओळखीत कुणाला तरी कळली असती."

तिने ल्यूटच धरलं. आठवडाभर रॅफल्स प्लेसच्या बँकेत मान मोडायची आणि शनिवारी दोन ब्लॉक पलीकडे राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या चिनी बाईंकडे शिकायला जायची. वाद्यही त्यांचंच, सरावाला दिलेलं.

आता माझा अधिकार सांगतो. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तानपुरा मी लावायचो. कान खुंटीजवळ न्यायचा आणि डोळे मिटायचे, एवढ्यावर लोक मला जाणकार समजत. डोळे मी समोर बसलेली कार्यकारिणी दिसू नये म्हणून मिटायचो, हे कुणाला माहीत नव्हतं.

बायको मात्र लहानपणापासून थोरल्या बहिणीच्या मागे बसून तानपुरा छेडत आलेली. गाणं बहिणीचं, टाळ्या बहिणीला. त्या रविवारी बाईंच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता आणि त्यात ती तीन मिनिटं एकटी वाजवणार होती. आयुष्यात पहिल्यांदा. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मदत करायला गेलो.

ती आंघोळीला गेल्यावर मी पेटी उघडली. तारा ढिल्या लागल्या. बिचारीला अजून वाद्य लावता येत नाही, असं मनात आलं. तानपुऱ्यासारखा तारांखाली जवारीचा दोरा घालावा म्हणून तारा टेकतात ती घोडी शोधली, तर तारा थेट लाकडी पट्टीला बांधलेल्या. अडाणी कारागीर! मग माझ्या सवयीच्या सुरापर्यंत खुंट्या पिळत गेलो. अर्थात डोळे मिटून. बाकीच्या तारा जोडीने असतात, पहिली एकटी. ती टण्णकन तुटली आणि माझ्या हनुवटीवर बसली.

मुलगी धावत आली. "बाबा, व्हाय यू लाइक दॅट! आईचं आहे ना ते!"

मागोमाग ओल्या केसांनी बायको. "काय केलंस?"

"जरा सुरात लावत होतो."

"ते सुरातच होतं. आणखी दोन पीळ दिले असतेस ना, तर ती लाकडी पट्टी उखडून हातात आली असती."

"मला वाटलं..."

"अरे, तुम्हा जाणकारांना कळत नाही म्हणून तर शिकायला घेतलं मी हे! वीस वर्षं मागे बसले. आता माझ्या तीन मिनिटांतसुद्धा तुझा कान हवाच का?"

कार्यक्रमाच्या हॉलमागच्या खोलीत बाईंनी नवी तार बांधली. पण नवी तार लावली की सैल होऊन सुरातून उतरते. ती स्थिरावायला दिवस लागतो आणि हातात तास होता. मी चेहरा गंभीर करून पहिल्या रांगेकडे निघालो, तर बायकोने दारातच अडवलं.

"तू आत यायचं नाहीस."

"अगं, नुसता ऐकायला..."

"ऐकणार नाहीस. मान हलवशील. खाली जाऊन बस."

खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या गर्दीत, कोपीचा म्हणजे इथल्या दाट कॉफीचा मग घेऊन बसलो. वरून काही ऐकू येत नव्हतं. जवळजवळ तासाभराने मुलगी एकटीच खाली आली.

"आई मध्येच थांबली, बाबा."

मी मग बाजूला सरकवला. तेवढ्यात पेटी खांद्याला अडकवून बायको समोर येऊन बसली.

"का थांबलीस?" मी विचारलं.

"तार उतरली. म्हणून थांबले, लावली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. सगळे गप्प बसून होते तोवर. मला घाई नव्हती."

एवढं बोलून तिने माझी उरलेली कोपी ओढून घेतली आणि माझ्याकडे न बघता संपवली.