सफारीतला मासा

मी आजवर गळाला लावलेला सगळ्यात मोठा मासा पाच फूट सात इंचांचा होता, त्यानं राखाडी सफारी घातली होती आणि तो माझ्या मेहुणीचं लग्न ठरवायला बल्लारपूरहून आला होता.

याचा सगळा दोष मी नदीला देतो. माझं कोणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

मी ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहतो आणि बॉयलरवर नोकरी करतो. आमच्या कामात मनाचं काही करायचं नसतं. प्रत्येक कामाची यादी असते, ती वाचायची, खूण करायची आणि मगच व्हॉल्व्हला हात लावायचा. त्यामुळे मासे धरायचा नाद लागला तेव्हा तोही मी यादी करूनच लावून घेतला. आमच्या शिफ्टमधले चार जण रविवारी धरणाच्या काठावर गळ टाकून बसत. मी त्यांच्याशेजारी बसायला लागलो, रात्रंदिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, आणि दोन महिन्यांत माझ्याकडं अकरा कप्प्यांची पिशवी तयार झाली. तिच्यात दहा फुटी दांडी, रीळ, वीस किलो वजन पेलणारी दोरी, लिंबाएवढी शिशाची वजनं, लाल-पिवळे तरंगे आणि एक चकाकणारा पत्र्याचा नकली मासा होता. त्याच्या शेपटीला तीन तोंडांचा गळ होता. (या शेवटच्या वस्तूवर नजर ठेवा!)

आमिष मात्र माझं स्वतःचं. कणीक, शेंगदाण्याची ढेप, बडीशेप, हिंग आणि केकमध्ये घालतात तो इसेन्स. हे सगळं मळून मी गोळ्या करायचो. माझी बायको वनिता म्हणाली की एवढ्या प्रेमानं तुम्ही माझ्यासाठी एकदाही कणीक मळली नाही. पण धरणावर या गोळ्यांनी मला तीन मासे मिळवून दिले होते, आणि तीन मासे मिळालेला माणूस शंभर मासे मिळालेल्या माणसापेक्षा जास्त बोलतो.

धरणाचं पाणी खोल असतं आणि एका जागी थांबलेलं असतं. ही बाब माझ्या यादीत नव्हती.

माझं सासर गडचिरोली जिल्ह्यात कठाणी नदीच्या काठावर आहे. दिवाळी उरकली होती, धान कापणीला आला होता, आणि रविवारी दुपारी बल्लारपूरचे पाहुणे जेवायला येणार होते. माझी मेहुणी शालू, तिला ते आधीच पाहून गेले होते. आता बोलणी करायची होती. मुलगा प्रफुल्ल नोकरीवाला होता, सरळ होता आणि मुख्य म्हणजे शालूला पसंत होता. शालूनं त्याआधी चार मुलं नाकारली होती. एकाला तर त्याच्या चहा पिण्याच्या आवाजावरून. त्यामुळे आता सगळं घर पावलं न वाजवता चालत होतं.

शनिवारी संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, एक तुरेवाला कोंबडा पायाला दोरी बांधून ओसरीत आणून ठेवला. मी उठलो आणि दोरी सोडून टाकली.

"कोंबडा तं कोणीही खाऊ घालते, मामाजी," मी म्हणालो. "पाहुण्याइले नदीची ताजी मासोळी खाऊ घालू. ते काम मायाकडं."

कोंबडा क्षणभर उभा राहिला. त्याचा विश्वास बसत नसावा. मग तो कुंपणावरून जो गेला तो गेलाच.

आमच्याकडं जावयाला कोणी उलटून बोलत नसतं. जावई म्हणाला आज अमावास्या, तर अमावास्या. चंद्रानं आपलं पाहून घ्यावं. त्यात जावयाला काही शिकवायला जाणं म्हणजे तर त्याचा अपमानच. आता मामाजी चाळीस वर्षांपासून त्या नदीत मासे धरत होते, आणि मी अकरा वर्षांपासून त्यांचा जावई होतो. म्हणून त्यांना जे सांगायचं होतं, ते त्यांनी कुत्र्याला सांगितलं.

"काळू," ते म्हणाले, "कठाणीले गुडघाभर पाणी हाये बापा, अन् धार जोराची हाये. लहानसा गळ न्या, गांडूळ लावा, बस. बाकी सामान घरीच ठेवाचं असते."

काळूनं शेपटी हलवली. मला वाटलं, वय झालं की माणूस जनावरांशी बोलायला लागतो.

सकाळी सातला मी, मामाजी आणि काळू असे आम्ही तिघं नदीवर पोचलो. यादीत पहिलं होतं जड शिसं, म्हणजे गळ तळाशी जाऊन बसतो. तो बसला. दोन दगडांच्या फटीत असा बसला की ओढून ओढून माझे हात गेले. दोरी वीस किलोची, ती काही तुटेना. शेवटी हातानं सोडवायला मी पाण्यात उतरलो आणि शेवाळावरून घसरलो. पाणी गुडघाभरच होतं, हे मामाजींचं बरोबर आहे. पण बसलेल्या माणसाला ते छातीपर्यंत येतं.

मामाजींनी काळूला सांगितलं की धारेत शिसं चालत नसते, गोट्यात फसते. काळूला ते पटलं असावं. मीही शिसं काढलं, पण ते माझ्या स्वतःच्या बुद्धीनं, असं मला वाटत होतं.

दुसरा नंबर तरंग्याचा. तरंगा पाण्यावर ठेवायचा अवकाश, तो धारेबरोबर निघाला. दोरी संपेपर्यंत त्याला थांबवायचं नाही, असं व्हिडिओत सांगितलं होतं. ते व्हिडिओ तलावाचे होते. मी काठानं त्याच्यामागं पळालो, माझ्यामागं काळू पळाला, आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बाया हातातले कपडे तसेच धरून आमच्याकडं पाहत राहिल्या. वळणावर तरंगा सापडला तेव्हा गळ घासून धुतलेल्या भांड्यासारखा स्वच्छ होता. कणकेची गोळी धारेत विरघळून गेली होती. मी दुसरी लावली, ती गेली. तिसरी जास्त घट्ट मळून लावली, तीही गेली. परत डब्याकडं आलो तर उरलेल्या सगळ्या गोळ्या काळूनं खाल्लेल्या. त्या आमिषाला त्या दिवशी लागलेला तो एकमेव जीव.

दहा वाजता वनिता नदीवर आली. जावयाला न बोलण्याचा नियम बायकोला लागू नसतो. तिनं सांगितलं की मसाला वाटून झाला आहे, चुलीवर भात चढला आहे, शालूनं तीन वेळा साडी बदलली आहे आणि कोंबडा आंब्याच्या शेंड्यावर बसला असून दोन काका खाली उभे राहून त्याला समजावत आहेत.

"एक तरी भेटली का?" तिनं विचारलं.

"मोठी येऊन राह्यली," मी म्हणालो.

"अजी, पाहुणे येऊन राह्यले," ती म्हणाली. "आमच्या शालूचं हे बिघडलं ना, तं मी तुमाले या पिशवीसकट धारेत सोडीन."

आता मी खरोखर घाबरलो. कोंबडा मी सोडला होता, शब्द मी दिला होता, आणि पाहुण्यांच्या ताटात वांग्याची भाजी पडली तर ती माझ्या नावानं पडणार होती. चार नकारांनंतर शालूला पहिल्यांदा कोणी आवडलं होतं, आणि मी तिच्या पाहुण्यांना उपाशी ठेवायला निघालो होतो. अशा वेळी माणसानं दुसऱ्याला विचारावं. मी पिशवीचा अकरावा कप्पा उघडला.

नकली मासा! वाहत्या पाण्यासाठीच तो असतो, असं एका गोऱ्या माणसाच्या व्हिडिओत मी पाहिलं होतं. फक्त तो जोरानं, लांब, धारेच्या पलीकडं फेकावा लागतो. पहिल्यांदा फेकला तो डोक्यावरच्या करंजाच्या फांदीत अडकला. तो काढून मी मोकळ्या जागी आलो, दांडी मागं नेली, डोळे मिटले (जोर येण्यासाठी!) आणि फेकला.

त्याच वेळी बल्लारपूरचे पाहुणे नदी ओलांडत होते. पुलावरून यायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून सगळे गाडी पलीकडं ठेवून तिथल्या उथळ जागेतून चालत येतात. सगळ्यात पुढं मुलाचे वडील होते. सफारीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही हातांत बूट, नजर पायाखालच्या दगडांवर.

माझ्या हाताला वजन लागलं. खरं वजन! धरणावरच्या तीन माशांचं मिळूनही एवढं नव्हतं. "लागला!" असं ओरडून मी रीळ फिरवायला लागलो. पलीकडून जोरदार ओढ आली. मोठा मासा लगेच ओढायचा नसतो, त्याला आधी दमवायचं असतं, हे मला पाठ होतं. मी दोरी ढिली दिली, पुन्हा ओढली, पुन्हा ढिली दिली. मासा दमत होता.

मामाजी उठून उभे राहिले. त्यांनी नदीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग काळूकडं पाहिलं. पण काळू हिंग आणि इसेन्स बाहेर काढण्यात गुंतला होता. सांगायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"जवाई," अकरा वर्षांत पहिल्यांदा ते थेट मला म्हणाले, "ते पाहुणे हायेत."

तोवर मुलाचे वडील धारेत बसले होते. एक बूट त्यांनी हातात धरून ठेवला होता. दुसरा वैनगंगेच्या दिशेनं निघाला होता, तो आता सिरोंच्याच्याही पुढं गेला असेल. प्रफुल्लनं मागून येऊन वडिलांच्या सफारीच्या पाठीतून गळ सोडवला. अंगाला लागलं नव्हतं, पण सफारी खांद्यापासून कमरेपर्यंत उघडली होती. काठावर शालू येऊन उभी होती. तिनं हे सगळं पाहिलं आणि पदर तोंडाशी धरून ती घराकडं पळाली.

प्रफुल्लनं माझ्या हातातून दांडी घेतली. मला वाटलं आता ती माझ्याच पाठीत बसणार. पण त्यानं नकली मासा काढून खिशात घातला, पिशवीत पाहिलं, पिशवी बंद केली आणि मामाजींना विचारलं, "बाबा, गांडूळ कुठी भेटतीन इथी?"

मामाजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. प्रफुल्ल अजून जावई झाला नव्हता. म्हणजे त्याला शिकवता येत होतं! चाळीस वर्षांचं साठलेलं ज्ञान त्यांनी एका दमात बाहेर काढलं. गांडुळं ओल्या पाल्याखाली असतात. गळ लहान लावायचा, शिसं ज्वारीच्या दाण्याएवढं किंवा तेही नको. धारेत टाकायचं नाही. मोठ्या दगडामागं धार फुटते आणि पाणी जरा थांबतं, तिथं मासा तोंड वर करून वाट पाहत असतो. गांडूळ दगडाच्या वरच्या अंगाला सोडायचं, बाकी नदी करते. गांडुळं संपली तर गवतातले नाकतोडे धरायचे. हे सगळं मी आधीच ऐकलं असतं, पण ते मला काळूमार्फत आलं होतं.

तासाभरात प्रफुल्लनं नऊ शिंगाडा मासे आणि दोन वाम काढले. आपल्याच लग्नाच्या बोलणीच्या जेवणासाठी नवऱ्या मुलानं मासे धरल्याचं गावात याआधी कोणी ऐकलं नव्हतं. मी त्याच्या मागं मासे ठेवायची टोपली धरून उभा होतो, आणि ती मी उत्तम धरली.

दुपारी पंगत बसली. मुलाचे वडील मामाजींच्या धोतर-बनियनमध्ये बसले आणि नुसती वाटी पुढं करून त्यांनी तीनदा रस्सा घेतला. जेवणं झाली, सुपारी फिरली. मामाजींनी हात जोडले आणि तुमच्या मनात काय असेल ते सांगा म्हणाले. दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"मुलगी पसंत हाये," पाहुणे मिशी पुसत म्हणाले. "घर पसंत हाये. देणंघेणं काई नाई पायजे आमाले. पण एक अट हाये."

मामाजींचा चेहरा उतरला. पाहुण्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"लग्नात मासोळी ठेवा, नाई तं नका ठेवू. पण आणाले या जवायाले धाडू नका."

अशा अटींवर मुलीकडचे लोक साधारणपणे चार दिवस विचार करायला मागून घेतात. पण मामाजी तोंड उघडायच्या आत दाराआडून ठणठणीत आवाजात "मंजूर" असं ऐकू आलं. सगळे हसले, आणि मीही हसत दाराकडं वळून शालूचं अभिनंदन केलं. शालू लाजून गप्प होती. बोलली होती माझी बायको.