मंगळवारी जन्मलेले दोघे

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या सरांनाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे. तेही किती धीराने सांगेन, कोण जाणे.

आमचं गाव सारंगखेड्याजवळ, तापीकाठी. घरी केळी, कापूस आणि घरातली गुजर बोली. मला मात्र वडिलांनी सुरतेच्या इंग्रजी शाळेत ठेवलं. तिथून परतले तेव्हा मला इंग्रजी वाचता येत होतं, आणि माणसांशी बोलणं जवळजवळ विसरले होते. त्यामुळे पुण्याचे एक प्राध्यापक जंगल सत्याग्रहावर ग्रंथ लिहायला नंदुरबारला आले आणि इंग्रजी दप्तर वाचणारं कोणी शोधू लागले, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. कागद उलट प्रश्न विचारत नाहीत – मला तेवढंच हवं होतं.

काम साधं होतं. जुन्या नोंदवह्यांतलं प्रत्येक नाव एका चिठ्ठीवर उतरवायचं. नाव, बापाचं नाव, गाव, वय. पण वर डोंगरातल्या आदिवासी गावांत मूल ज्या वारी जन्मतं त्याच वाराचं नाव त्याला पुष्कळदा ठेवतात. सोम्या, मंगळ्या, बुध्या. त्यात आडनावंही मोजकीच. माझ्याकडे एकट्या मंगळ्या पाडवीच्या अकरा चिठ्ठ्या जमल्या होत्या. दप्तराच्या खोलीतले शिपाई करीमचाचा रोज हसायचे. "काय बेटी, आज कितला मंगळ्या सापडनात? डोंगरमा तं दर मंगळवारले एक जन्मस!"

प्राध्यापकांचा, म्हणजे आमच्या सरांचा, नियम कडक होता. बापाचं नाव, गाव आणि वय जुळल्याशिवाय दोन चिठ्ठ्या एकत्र टाचायच्या नाहीत, म्हणजे तो एकच माणूस धरायचा नाही. जुळत नसेल तर त्या गावच्या माणसांना जाऊन विचारायचं.

अकरापैकी नऊ जणांची ओळख पटली. दोन उरले. एक मंगळ्या तुरुंगात दाखल झालेल्यांच्या वहीत होता – मोलगीच्या वरच्या गावचा, पण बापाचं नाव कोरं. दुसरा पुढच्या वर्षीच्या खटल्यात सरकारी साक्षीदार. त्याच्या जबानीवर लोकांना सजा झाली होती. त्याच्या बापाचं नाव होतं, गाव नव्हतं. वय दोघांचं तिशीच्या आसपास.

सरांनी मला मोलगीच्या बाजाराला पाठवलं. "म्हाताऱ्या माणसांना विचार. त्यांना सगळं आठवतं," म्हणाले.

मी गेले. जीपमधून उतरले. बाजार गच्च भरला होता – टोपल्या, कोंबड्या, मिठाच्या राशी, डोंगर उतरून आलेली माणसं. त्यांची बोली मला कळत नव्हती, माझी त्यांना. पण खरं सांगू? दुभाष्या मिळाला असता. शाळेचे गुरुजी समोरच चहा पीत होते. मी त्यांच्याजवळही गेले नाही. एका झाडाखाली पदर सावरत बसले. एक म्हातारी माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, आणि मी मान खाली घातली. परतीची जीप निघेपर्यंत मी एका माणसालाही काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चिठ्ठ्या एकत्र टाचल्या. वर लिहिलं – मोलगीच्या बाजारात चौकशी केली, दोघे एकच.

का लिहिलं? लाज वाटली म्हणून? हो. पण तेवढंच नव्हतं. तुरुंगात गेलेला माणूस मोडतो आणि आपल्याच लोकांविरुद्ध उभा राहतो – ही गोष्ट मला आवडली होती. सरांनाही आवडली. त्यांनी तिच्यावर अख्खं पान लिहिलं, आणि प्रस्तावनेत माझ्या चिकाटीचे आभार मानले.

ग्रंथ निघाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मोलगीच्या बाजारात दिसलेले ते गुरुजी दप्तरात आले. बरोबर एक बाई होती. बुधी, तुरुंगात गेलेल्या त्या मंगळ्याची मुलगी. सर पुण्याला होते, मी एकटीच होते. त्यांच्या गावात शाळेपुढे तुरुंगात गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचा होता. हिच्या बापाचं नाव घालायला लोक तयार नव्हते, कारण गुरुजींनीच ग्रंथातलं ते पान सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

बुधी बोलली, गुरुजींनी मराठीत सांगितलं. "ती म्हणते, बाप जेलातून परत आलाच नाही. तिथंच मेला, पहिल्याच पावसाळ्यात. मग पुढच्या वर्षी साक्ष कोणी दिली?"

बाजारातल्या कोणाही म्हाताऱ्याने मला हे पहिल्या वाक्यात सांगितलं असतं.

गुरुजी म्हणाले, "ताई, दोघं वेगळे आहेत एवढं लिहून द्या. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, "कागदात असंच आहे."

बुधीने काहीतरी विचारलं. कागद बघायचा होता तिला. मी जबानीचं बाड काढून उघडलं. का उघडलं? तिच्या बापाची नोंद असलेली तुरुंगाची वहीही त्याच कपाटात होती, हाताला लागेल अशी. पण मी जबानी दाखवली, तेच खरं ठरावं म्हणून. त्यात इंग्रजीत लिहिलेलं साक्षीदाराच्या बापाचं नाव मी वाचून दाखवलं नाही. खाली अंगठा उठवलेला होता. बुधीने आपलं बोट त्या काळ्या ठशावर ठेवलं, बराच वेळ, आणि मग ते कपाळाला लावलं. माझ्या शब्दावर विसंबून, बापाचा ठसा म्हणून. ज्याने इतरांना सजा करवली त्या परक्या माणसाच्या अंगठ्याला ती नमस्कार करत होती, आणि मी बघत होते. मी तिचा हात धरला नाही. करीमचाचांनी तिला पाणी दिलं. मग ती आणि गुरुजी निघून गेले.

दगड बसला. त्यावर मंगळ्याचं नाव नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून सरांचं कार्ड आलं. दुसरी आवृत्ती छापायला जाते आहे, तुझ्याकडून काही दुरुस्ती असेल तर आठवड्याभरात कळव. मी कार्ड दोनदा वाचलं. सगळं लिहायला एक पान पुरलं असतं. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी उत्तर लिहिलं आणि स्वतः चालत जाऊन पेटीत टाकलं.

लिहिलं होतं – दुरुस्ती काही नाही.