शपथ न घेणारे नळीमामा

शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान सांभाळणाऱ्या त्या माणसाला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलांच्या दोन पिढ्या त्यांना नळीमामा म्हणत आल्या. अंगानं उंच आणि वाळके, म्हणून मुलं त्यांना परीक्षानळीच म्हणायची. मामा म्हणायचे, "नळीला निदान स्टँड तरी असतो रे."

मधल्या सुट्टीत एखादं पोर डबा न उघडता दारात घुटमळू लागलं, की मामा काही विचारत नसत. नळ्या धुवायचा ब्रश पुढं करत. समोर बसवून विचारलं तर पोर गोगलगाईसारखं आत जातं. हात पाण्यात गुंतले की मनातलं आपसूक ओठांवर येतं. मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं. बेसिनपाशी उभं राहून ते शिकले होते.

पण एक धडा त्यांना फार महाग पडला. काही वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलीनं असंच बोलता बोलता त्यांच्याकडून वचन घेतलं, कुणाला सांगायचं नाही. मामा जुन्या वळणाचे. शब्द दिला म्हणजे दिला. त्यांनी तिचं बोलणं पोटात ठेवलं, आणि आपण शब्दाला जागलो याचा त्यांना अभिमानही वाटला. तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता; जीव वाचला, पण शाळा सुटली ती सुटलीच. तिचे वडील दप्तर न्यायला आले, तेव्हा मामा कपाटाआड उभे राहिले. त्यांना तोंड दाखववेना.

यंदा नववीतली एक चष्मेवाली मुलगी आठवडाभर रोज येत होती. झोप लागत नाही, घास उतरत नाही, असं तुटक तुटक सांगायची. शुक्रवारी ती नळी घासता घासता म्हणाली, की आपण नसलो तर घरचे सुटतील. मग हात थांबवून तिनं वर पाहिलं.

"मामा, शपथ घ्या. कुणाला सांगायचं नाही."

नाही म्हणावं तर पोर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. हो म्हणावं तर काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

"नाही घेत," ते म्हणाले. "तुझं बोलणं मी चव्हाट्यावर मांडणार नाही. पण एकट्यानं पोटातही ठेवणार नाही. समुपदेशक बाईंकडे जाऊ. मी येतो तुझ्याबरोबर."

"तुम्हीपण सगळ्यांसारखेच," ती म्हणाली, आणि ब्रश बेसिनमध्ये टाकून निघाली.

मामा तिच्यामागं निघाले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा प्रयोगशाळा उघडी राहिली. व्हरांड्यात ती चार पावलं पुढं, ते मागं. जिन्यापाशी ती थांबली. पळून जाईल असं वाटलं, पण गेली नाही. मामा तिथवर पोहोचेपर्यंत तशीच उभी राहिली.

बाईंच्या खोलीबाहेर स्टुलावर ते दोन तास बसून होते. मुलीची आई धापा टाकत आली आणि आत गेली. दार पुन्हा लागलं. नंतर मुख्याध्यापकांनी मामांना चांगलंच फैलावर घेतलं. आम्लाच्या बाटल्या उघड्यावर, काही झालं असतं तर? मामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. चूक तर होतीच.

पुढं मुलगी शाळेत येत होती, हे मामा हजेरीच्या वेळी खिडकीतून बघत. तीही त्यांना बघे, आणि मान फिरवे. दीड महिना असाच गेला.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी बेसिनपाशी नळ्यांचा ढीग पडला होता. मधल्या सुट्टीत दारात सावली आली.

"मी अजून रागावलेय तुमच्यावर," ती म्हणाली.

"राहू दे की राग," मामा वळून न बघता म्हणाले. "ब्रश तिथंच आहे."

तिनं बाह्या वर सरकवल्या. मामांनी थोडं सरकून नळापाशी तिला जागा करून दिली.