खालचं कव्हर, वरचं कव्हर

आमच्या घरात उघडी वस्तू दिसणं कठीण. मिक्सरला झालरीचं कव्हर, वॉशिंग मशीनला फुलाफुलांचं, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी. ही सगळी आईची करामत. बाबा म्हणायचे, एक दिवस ही मलाही कव्हर शिवणार. ते गेले आणि त्यांच्या गाडीवर राखाडी कापडाचं कव्हर चढलं. ते काही उतरेना.

मी बँकेत स्कूटरनं जाते, चारचाकी मला झेपत नाही. गाडी विकून टाकावी असं माझं मत, आणि ते मी रोज चहासोबत देत असे. आईनं ते निमूट ऐकलं आणि मला न सांगता ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. बाबांची खमरियाच्या कारखान्यातली नोकरी संपेपर्यंत आणि नंतरही ती कायम त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलेली. साठीला टेकलेली ही बाई आता स्टिअरिंग धरणार, याचं मला हसू आलं आणि अभिमानही वाटला.

लायसन्स हातात आल्यावर ती मला घेऊन नर्मदेवरच्या ग्वारीघाटला निघाली. आमच्या विजय नगरातून बाहेर पडायच्या आतच एका स्पीड ब्रेकरवर गाडी खालून खरवडली, आणि मग काहीतरी रस्त्यावर घासत येऊ लागलं. गाडी तिनं कशीबशी घरी आणली, किल्ली माझ्या हातात दिली, वर कापड चढवून नाड्या बांधल्या.

"तुझ्या बाबांची गाडी मोडली मी," ती म्हणाली. "विकून टाक."

इतके दिवस मला हवं होतं तेच ती बोलत होती, आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिकला बोलावलं. तो गाडीखाली शिरला आणि लगेच बाहेर आला. इंजिनाखाली प्लॅस्टिकचं एक कव्हर असतं, ते पुढून सुटून लोंबत होतं. काढून टाकू म्हणाला, त्याच्याशिवायही गाडी चालते, कितीतरी लोक काढतात. मला कामं झटपट उरकायची घाई. मी म्हटलं, काढा.

आई तोवर दारातच उभी होती, गाडीजवळ यायला तयार नव्हती. पण कव्हर काढायची गोष्ट निघाली आणि ती पायऱ्या उतरून आली. हे असतं कशाला, तिनं विचारलं. चिखल, पावसाचं पाणी, उडणारे खडे वर जाऊ नयेत म्हणून, तो म्हणाला. नसलं तर गाडी अडत नाही, पण घाण इंजिनापर्यंत जाते. कालचं खरवडणंही यावरच निभावलं होतं, वर इंजिनावर ओरखडासुद्धा नव्हता.

आईनं वाकून गाडीखाली पाहिलं. "अच्छा. म्हणजे इंजिनाला काहीच नाही झालं? मार यानंच खाल्ला?"

त्यानं मान हलवली.

"मग काहून काढून राहिले, भैया? परत लावा."

कव्हरची भोकं फाटली होती, त्यात स्क्रू धरेनात. आईनं बाबांचा पत्र्याचा डबा आणला आणि त्यातून रुंद वॉशर शोधून दिले. मग जुनी सतरंजी अंथरून स्वतःच गाडीखाली सरकली. कंबर धरेल, मी म्हटलं, पण ऐकतंय कोण. कव्हर लावायच्या आधी तिनं आतलं सगळं डोळे भरून पाहिलं, हे काय, ते काय, विचारत राहिली. शेवटचा स्क्रू तिनंच आवळला. बाहेर आली तेव्हा नाकाला काळं लागलं होतं आणि ती हसत होती. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

रविवारी आम्ही पुन्हा निघालो. त्या स्पीड ब्रेकरवरून तिनं गाडी इतकी हळू काढली की मागच्यानं हॉर्नचा सपाटा लावला. खालून आवाज आला नाही. घाटावर तिनं नर्मदेत फुलं सोडली आणि परतताना वाटेत माझ्या ऑफिसच्या गप्पाही ऐकल्या.

घरी आल्यावर मी सवयीनं ते राखाडी कापड उचललं.

"राहू दे ते," आई म्हणाली. "संध्याकाळी परत बाहेर जायचं आहे."