कोपऱ्याचा गाळा

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात दुखणी सांगितली, माहेरची भांडणं सांगितली, नको नको ते सांगितलं — हे तेवढं राहिलं. लेकीला नाही, बहिणीला नाही. कितीदा ओठावर आलं आणि मी म्हणाले, चहा टाकू का? तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल. बघू.

हिंगोलीत स्टेडियमच्या पायऱ्यांखाली गाळ्यांची रांग आहे. त्यातला कोपऱ्याचा गाळा माझा. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. दोन्ही रस्त्यांकडून पाटी दिसते. लग्नसराईत बायकांना बसायला जागा पुरत नाही. कोणी म्हणतं, कुसुमताई, जागा मात्र तुम्हाला नामी मिळाली. मी हसते. काय करणार?

आधी तिथे नुसतं मैदान होतं. बाभळीची पाच-सहा झाडं, पोरांनी चुन्याने आखलेलं कबड्डीचं अंगण, आणि रस्त्याच्या कडेला आमची नऊ पत्र्याची दुकानं. पहिलं नामदेवमामांचं, सायकल दुरुस्तीचं. मग चपलावाला बबन, रसवंती, न्हावी, असं करत करत शेवटून दुसरं माझं, आणि सगळ्यात शेवटचं केसरबाईचं.

केसरबाई पुसेगावकडच्या एका तांड्यावरची. नवरा गावी शेती बघायचा, आणि ही पोरीच्या शिक्षणापायी शहरात खोली करून राहिली होती. हळदीची फाटकी पोती घ्यायची, दाभण-सुतळीने शिवायची आणि पुन्हा आडतीवर द्यायची. हात कायम पिवळे. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. दुपारी आम्ही दोघी माझ्या मशीनशेजारी बसून जेवायचो. तिची भाकरी, माझी भाजी. माझी पोरगी तिच्या पोत्यांच्या ढिगावर झोपून मोठी झाली.

तिला ती जागा मामांनी दिली होती. नवी आली तेव्हा कोणी टेकू देईना, तर मामांनी स्वतः बांबू रोवले, पत्रा टाकून दिला. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. केसरबाई एकटी दादा म्हणायची, कारण ती त्यांना राखी बांधायची. मामांना सख्खी बहीण नव्हती. पौर्णिमेला ते सकाळपासून धुतलेला सदरा घालून बसायचे आणि कोणी सायकल आणली तर म्हणायचे, थांब जरा, बहीण येऊन राहिली.

मग हिंगोली जिल्हा झाला. सगळ्यांच्या तोंडी एकच — आता हे होणार, ते होणार. एक दिवस मैदानावर फिती घेऊन माणसं आली. स्टेडियम होणार. पायऱ्या, धावायची पट्टी, आणि पायऱ्यांखाली रस्त्याच्या तोंडाला पक्के गाळे. आसपासच्या जुन्या घरांना लगेच गिऱ्हाइकं यायला लागली. समोरच्या लाकडाच्या वखारीचं लॉज होणार असं ऐकू आलं. आम्हाला सांगितलं, जागा सोडतो म्हणून सही करा, तुमचा विचार होईल. विचार म्हणजे काय, ते कोणी सांगेना.

मामांनी सगळ्यांना बसवलं. म्हणाले, "एकट्यानं कोणी सही करायची न्हाई. नऊच्या नऊ गाळे लिहून देतील, तवा नऊ सह्या. बराबर हाय का?" सगळे म्हणाले, बराबर. मीही म्हणाले. केसरबाईने तर माझा हात धरून वर केला.

चार-सहा महिने आम्ही टिकलो. आणि मग एका दुपारी ठेकेदाराचा माणूस ब्लाउजचं माप विचारायच्या निमित्ताने माझ्याकडे आला. बोलायला गोड. म्हणाला, एक सही झाली की बाकीचे आपोआप येतात. पहिली सही तुमची असली तर कोपऱ्याचा गाळा तुमचा. नाव कुठे निघणार नाही.

तुम्हाला वाटेल, गरज असेल. नव्हती हो. हे एसटी डेपोत होते, पगार महिन्याच्या महिन्याला यायचा. घर चालत होतं. मला फक्त तो कोपरा दिसायला लागला. काचेचं कपाट, आत बाहुलीच्या अंगावर शिवलेला ड्रेस, वर रंगवलेली पाटी. दोन दिवस मला दुसरं काही दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. आणि व्हरांड्यात बाकावर कोण बसलेलं? केसरबाई. पोरीला नर्सिंगला घालायचं होतं, त्यासाठी जातीचा दाखला काढायला आली होती. मला बघून तिला केवढा आनंद झाला! बाजूला सरकून म्हणाली, "तू काहून आली? बस, मिळून जाऊ घरी." मी म्हणाले, राशनकार्डाचं काम आहे, वेळ लागेल. तिचा दाखला मिळाला. कागद घडी घालून पिशवीत ठेवला, जाताना मला पिशवीतला पेरू दिला. ती जिना उतरल्यावर मी आत गेले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत बातमी — कोणीतरी फुटलं.

मामांच्या दुकानापुढे सगळे जमले. मामा कधी आवाज चढवायचे नाहीत, तेव्हाही चढवला नाही. विचारलं, काल कचेरीत कोण गेलं होतं? बबन म्हणाला, "केसरबाईला म्या पाहिलं. हातात कागद घिऊन उतरून राहिली व्हती." सगळे तिच्याकडे वळले. ती हसली — खरंच हसली, कारण तिला भीती कसलीच नव्हती. म्हणाली, "दादा, तो पोरीचा दाखला व्हता. कुसुम व्हती ना तिथं. इचारा तिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इथपर्यंत येऊन मी कितीदा थांबलेय म्हणून सांगू. काय अवघड होतं? व्हय, दाखल्यालाच आली होती — एवढंच म्हणायचं. पण मग पुढचा प्रश्न आला असता ना. तू कशाला गेली होतीस? राशनकार्डाचं म्हणून खपलं असतं कदाचित. तेवढंही मला सुचलं नाही. की सुचलं, आणि मला तीळभर धोकाही नको होता?

मी म्हणाले, "म्या न्हाई गेले कचेरीत. घरीच व्हते."

केसरबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. कसं कळलं ते मला सांगता येणार नाही, पण मी समोर होते, मी ते घडताना पाहिलं. दाखला दाखवला असता तरी लोक म्हणाले असते, दाखलाही काढला आणि सहीही केली. तिने माझं नाव घेतलं नाही. आजवर मला उमगलेलं नाही, का घेतलं नाही.

पुढच्या दोन दिवसांत सगळ्यांनी धावत जाऊन सह्या केल्या. ठेकेदाराचा माणूस म्हणाला होता तसंच. गाळ्यांसाठी चिठ्ठ्या काढल्या, त्यात कोपरा माझ्या नावाने निघाला. "नशीब काढलं बाई," बबन म्हणाला. मी पेढे वाटले.

केसरबाईला गाळा मिळाला नाही. शेजारच्या दुकानदाराने लिहून द्यायचं होतं की ही बाई इतकी वर्षं इथे धंदा करते. तिच्या दुकानाला एकच शेजार होता — माझा. ती माझ्याकडे आली नाही. दुसऱ्या कोणाकडेही गेली नाही. मी आपण होऊन जाऊ शकत होते. गेले नाही.

पौर्णिमेला मात्र ती आली. दुकानं तेव्हा पाडायला घेतली होती. मामा उरलेल्या पत्र्याखाली बसले होते, अंगात रोजचाच कळकट सदरा. ती राखी घेऊन उभी राहिली. मामांनी हात पुढे केला नाही. पंक्चरचं रबर घासत राहिले. बराच वेळ. मग ती राखी पिशवीत ठेवून निघून गेली. मी दहा पावलांवर होते, मशीन बैलगाडीत चढवत.

स्टेडियम झालं. तसं काही फार मोठं नाही. सव्वीस जानेवारीचं संचलन, पोलीस भरतीची धाव, कधी प्रदर्शन. पण त्याच्या भोवतीचा भाग ओळखू येईना. वखारीचं लॉज झालं, मोबाइलची दुकानं आली, रस्ता रुंद झाला, संध्याकाळी पिवळ्या दिव्यांखाली लोक फिरायला यायला लागले. माझ्या हाताखाली दोन बायका आल्या. मी सुखात नव्हते असं म्हणणार नाही. ते खोटं होईल. मी सुखात होते.

सात-आठ वर्षं गेली. एकदा नांदेडला निघाले होते, वारंगा फाट्यावर गाडी नादुरुस्त झाली. कडेला एक चहा-भज्यांचं दुकान होतं, तिथे गेले — तर कढईपुढे केसरबाई. केस पांढरे झालेले. तिने मला बसायला स्टूल दिलं, चहा दिला. पोरगी नर्स झाली होती, परभणीकडे दिली होती. माझ्या पोरीचं विचारलं. मग दुसरी गाडी येताना दिसली तशी म्हणाली, "गाळ्याचं काई न्हाई ग. माजं चाललंय. पन दादाला सांग. तो जित्ता हाय तवर सांग. तेवढंच कर."

रागाने म्हणाली नाही. मसाल्याचा डबा आणशील का, अशा आवाजात म्हणाली. मी तिचे हात धरले. म्हणाले, सांगते, उद्याच सांगते.

मामा तेव्हा खाटेवर होते. दम लागायचा. मी गेले — दुसऱ्याच दिवशी गेले, हे खरं. शेजारी बसले, मोसंबी सोलून दिली. त्यांनी विचारलं, दुकान कसं चाललंय? मी म्हणाले, बरं चाललंय. आणि उठून आले. त्यानंतर चार महिने ते होते. मी किमान सहा-सात वेळा गेले. दर वेळी मोसंबी. एकदा तर त्यांनी स्वतःच नाव काढलं. म्हणाले, "केसरीनं असं काहून केलं असंल? मागितलं असतं तर म्या माजा गाळा दिला असता." याहून सोपी संधी कोणती? खोलीत आम्ही दोघंच होतो. मी सालं गोळा केली आणि त्यांच्या सुनेला हाक मारली.

त्या सकाळी रांगेतला प्रश्न एकदम समोर आला होता, खोटं चटकन तोंडातून गेलं — असं स्वतःला सांगून मी वर्षं काढली होती. या चार महिन्यांना काय म्हणू?

मामा गेले. दहाव्याला केसरबाई आली. कोणी तिच्याशी बोललं नाही. ती गल्लीत भिंतीशी उभी राहिली. मी पाणी घेऊन गेले तर तिने तांब्या घेतलाच नाही, आधी विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हणाले, "व्हय. सांगितलं."

तिने डोळे मिटले. "काय म्हनला?"

आणि मी — मला कोणी एवढं सांगायला लावलं नव्हतं, मी तिथे थांबू शकत होते — मी म्हणाले, "म्हनले, मला ठावं व्हतं. माजी केसर तशी न्हाई. राखी घ्यायला पायजे व्हती."

ती तिथेच खाली बसली आणि रडली. असं रडणं मी पाहिलं नव्हतं, सगळं अंग हलत होतं. मग पदराने तोंड पुसलं, पाणी प्यायली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "लई मोठं काम केलंस, लेकरा."

ती अजून आहे. मध्ये तिच्या पोरीने दुकानात येऊन सांगितलं, आई आता दादाच्या फोटोला राखी बांधते, म्हणते, माझ्या भावाने जाताना मला ओळखलं.

मी त्या पोरीच्या ब्लाउजचं माप घेतलं आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं.