साहेब ‘येतो’ म्हणाले नव्हते

“मॅडम, कॉलिन साहेबाचं नाव बराबर छापलंय का तेवढं बघा,” असं म्हणत खरातांनी लग्नपत्रिका माझ्यासमोर ठेवली. क्लास संपला होता. बाकीची मंडळी कंपनीची बस पकडायला पळाली होती.

एकनाथ खरात प्रेस शॉपचे सुपरवायझर. प्रेस शॉप म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारी मशीनं असतात तो विभाग. पत्रिका त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची होती, शहागंजात छापलेली. वर कुलदैवत, खाली दोन्हीकडच्या मंडळींची फौज आणि त्याखाली लाल चौकटीत ‘प्रमुख उपस्थिती’. पहिलं नाव त्यांच्या भागातल्या एका पुढाऱ्याचं. दुसरं, मा. श्री. कॉलीन साहेब, इंग्लंड.

‘ली’ दीर्घ पडला होता, पण माझी अडचण ती नव्हती. लग्न रविवारी दुपारी होतं आणि कॉलिनचं विमान शनिवारी संध्याकाळी. हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्याच्या निरोपाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात पडलं होतं.

“हे लग्नाला येणार, असं कोण म्हणालं?” मी विचारलं.

“तेच म्हणले की. स्वतःच्या तोंडानं.”

मी कंपन्यांमध्ये जाऊन इंग्रजी शिकवते. शाळेतलं नाही, कामापुरतं. मेल वाचता यावी, परदेशातून आलेल्या माणसाशी मशीनजवळ उभं राहून चार वाक्यं बोलता यावीत, एवढंच. वाळूजच्या या कंपनीत सुपरवायझर लोकांची बॅच होती. त्याच सुमारास इंग्लंडहून एक मोठी प्रेस आली आणि ती बसवून द्यायला तिथला इंजिनियर आला, तो कॉलिन. पन्नाशीचा, उंच, अत्यंत सभ्य माणूस. दाराला धक्का लागला तरी दाराला सॉरी म्हणेल असा. खरात आणि तो दिवसभर एकाच मशीनवर असायचे. दोघांचं छान जमलं होतं.

मी खरातांना म्हटलं, तुम्ही बोलावल्यावर ते नेमकं काय म्हणाले, शब्दाला शब्द सांगा.

खरात ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “आय विश आय कुड कम. इट वुड बी वंडरफुल.”

उच्चार चांगला होता. मीच घोटून घेतला होता.

अर्थ त्यांनी स्वतःच जुळवला होता. विश म्हणजे इच्छा. कुड म्हणजे शकणं. कम म्हणजे येणं. वुड हा विलचाच कुणीतरी भाऊ. सगळ्यांची बेरीज केली की साहेबांची यायची इच्छा आहे, ते येऊ शकतात आणि मजा येईल. एवढं ऐकल्यावर कुणीही पत्रिका छापेल.

पत्रिकेवर भागलं असतं तर ठीक होतं. खरातांचं गाव लासूर स्टेशनच्या पुढं, आडबाजूला. वडील अजून मेंढरं राखतात. नवरा मुलगा चांगला, पण त्याचे मामा पुण्याला नोकरीत होते आणि लग्न शहरातल्या लॉनवरच व्हावं म्हणून अडून बसले होते. गावात धूळ आहे, पार्किंग नाही, आमची माणसं काय म्हणतील, असं त्यांचं चाललेलं. खरातांच्या वडलांना मुलगी स्वतःच्या दारातून पाठवायची होती. इंग्लंडचा साहेब गावात येणार म्हटल्यावर मामा एका फोनमध्ये तयार झाले. धुळीचं नावही पुन्हा निघालं नाही. आता साहेब आला नाही तर मामा मांडवात काय करतील ते सांगता येत नव्हतं, आणि गावात खरातांच्या वडलांचा शब्द खोटा पडणार होता तो वेगळाच.

मी फळ्याकडे वळले. मार्कर उचलला. वाईट बातमी मला व्याकरणातून द्यायची होती.

इंग्रजीत एक रीत आहे. जे खरं नाही, होणार नाही, नुसतं मनात आहे, ते सांगताना क्रियापद एक पाऊल मागं, भूतकाळात ढकलतात. ‘आय कॅन कम’ म्हणजे मी येऊ शकतो. ‘आय विश आय कुड कम’ म्हणजे मला येता येत नाही, येता आलं असतं तर बरं झालं असतं. मी हे सगळं बाण काढून समजावलं. खरात फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शंका काढली, की लग्न पुढच्या रविवारी आहे, तर साहेब मागच्या काळात कशाला बोलतील. मी म्हटलं, काळ मागचा नाही, फक्त रूप मागचं आहे. हे वाक्य मला फार आवडतं. आजपर्यंत ते कुणालाही समजलेलं नाही.

शेवटी मी मार्कर ठेवून दिला.

“खरात, तुम्ही एखाद्या दोस्ताला जेवायला बोलावलं आणि तो म्हणाला, ‘आलो असतो रे.’ तर त्याचं ताट वाढता का?”

“न्हाई. तो येत नसतो.”

“पण ‘आलो’ म्हणाला ना?”

“‘असतो’ लावलं ना त्यानं पुढं.”

“कॉलिन साहेबांनीही लावलंय.”

खरात हळूच खुर्चीवर बसले. पत्रिका पुढ्यात ओढली. मग विचारलं, “मग ‘पण’ कुठाय, मॅडम? आपल्यात ‘आलो असतो, पण’ असं म्हणतेत. पुढं कारण सांगतेत. साहेब वंडरफुल म्हणून थांबले.”

प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, की इंग्रजीत तो ‘पण’ विशच्या पोटातच असतो, वेगळा काढून दाखवत नाहीत. ते त्यांना पटलं नाही. सरळ जमत नाही म्हणायला काय झालं होतं, असं त्यांचं म्हणणं. मी आठवण करून दिली, की मागच्या रविवारी मशीनच्या ट्रायलला याल का असं एचआरच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा खुद्द खरातच ‘बघतो’ म्हणाले होते. त्या रविवारी ते कुठं होते?

“गुलमंडीत. साड्या घ्यायला.”

“मग साहेबांना तेव्हाच ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“तोंडावर नाय कसं म्हणायचं, मॅडम?”

एवढं बोलून खरातांनी स्वतःच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एचआरचे दाभाडे साहेब यांच्याकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की ही बाब ट्रेनिंगमध्ये येते की कर्मचाऱ्याच्या खाजगी आयुष्यात. दुसरा प्रश्न, विशचा धडा तुम्ही घेतला होता का. मी सांगितलं, की कोर्स ठरवताना तो धडा तुम्हीच काढायला लावलात. शॉप फ्लोअरवर कुणाला इच्छा व्यक्त करायची गरज पडत नाही, असं तुमचं मत होतं. दाभाडे साहेबांनी चहा मागवला.

त्यांना भीती वेगळीच होती. मशीनच्या कागदांवर कॉलिनच्या शेवटच्या सह्या व्हायच्या होत्या. अशा वेळी पाहुण्याला संकोचात टाकू नये, विमान गेल्यावर गावात काहीतरी सांगता येईल, ताप आला वगैरे. पण मी हे खरातांना सांगितलं, तर त्यांनी ऐकून घेतलं नाही. “मी बोलवलं, मीच विचारतो,” एवढंच म्हणाले. दाभाडे साहेबांनी मग मला दुभाषी म्हणून सोबत जायला सांगितलं. मला वाटतं, काही बिघडलंच तर ते ट्रेनिंगमध्ये पडावं म्हणून.

खरातांनी रात्रीतून एक वाक्य तयार केलं होतं. मशीनपाशी गेल्यावर हेल्मेट सरळ केलं आणि ते बोलले, “सर, आय विश यू कुड कम.”

व्याकरण निर्दोष होतं. कॉलिननं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “सो डू आय, एकनाथ. सो डू आय.” मलाही तसंच वाटतं, म्हणजे. मग दोघंही एकमेकांकडे बघून माना हलवत राहिले. दोघंही मनापासून बोलत होते आणि काम तसूभर पुढं सरकलं नव्हतं.

खरातांनी खिशातून पत्रिका काढली, लाल चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “सर. युवर नेम. प्रिंटेड.”

यात विश नव्हतं, कुड नव्हतं. कॉलिननं वाकून पाहिलं. मी चौकट वाचून दाखवली. ‘मा. श्री.’ म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. मी ऑनरेबल म्हटलं. त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं. कानापर्यंत लाल झाला होता. मग अगदी हळू म्हणाला, “इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव चेंज्ड माय फ्लाइट.”

खरात माझ्याकडे वळले. “ह्ये बी ‘नाय’च का?”

“हो.”

“लई लांबलचक ‘नाय’ हाय.”

खरंच लांबलचक आहे. आमच्या धंद्यात याला थर्ड कंडिशनल म्हणतात. माहीत असतं तर विमान बदललं असतं. म्हणजे माहीत नव्हतं आणि बदललं नाही. पुस्तकात हा सगळ्यात शेवटचा धडा असतो आणि तिथवर बहुतेक बॅचा पोचत नाहीत. खरात एका दिवसात उभ्या-उभ्या पोचले.

आता मला वाटलं, संपलं. पण खरात तिथून हलेनात. विमान किती वाजता, असं त्यांनी विचारलं. संध्याकाळी, कॉलिन म्हणाला. खरातांनी मनात काहीतरी हिशेब केला. “सर, सॅटरडे मॉर्निंग हळदी. माय व्हिलेज. यू कम?”

हळद खरं तर संध्याकाळी होती. ते मला नंतर कळलं.

कॉलिननं तोंड उघडलं. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवते. ओठांच्या आकारावरूनच मला कळलं की ‘आय वुड लव्ह टू’ येतंय. खरातांनाही कळलं असावं. त्यांनी बोट वर केलं.

“सर, नो विश. नो वुड. येस ऑर नो?”

आपल्या कंपनीच्या साहेबाशी ते असं कधीच बोलले नसते. मी मधे पडून काहीतरी गोड इंग्रजी घालणार होते, तेवढ्यात कॉलिन हसायला लागला. त्यानं दाभाडे साहेबांच्या केबिनच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि म्हणाला, “येस. आय विल कम.”

“विल,” खरात मला म्हणाले. “विल म्हणले.”

शनिवारी कंपनीच्या गाडीतून आम्ही सकाळीच निघालो. कॉलिननं गुलमंडीतून घेतलेला कुर्ता घातला होता, बाह्या जरा आखूड होत होत्या. गावात त्या दिवशी खरातांच्या वडलांनी मेंढरं वाड्यातच ठेवली होती. म्हाताऱ्यानं कॉलिनच्या खांद्यावर नवं घोंगडं टाकलं आणि त्याचा हात धरून त्याला गल्लीतून एक फेरी मारून आणली, प्रत्येक दारापुढं थोडं थांबत. बायकांनी आधी बोटानं, मग तळहातानं हळद लावली. नवरी मुलगी त्याला इंग्रजीत थँक यू म्हणाली आणि पळाली. कॉलिन विश, वुड, कुड काही म्हणाला नाही. समोर ठेवलेलं सगळं खाल्लं आणि दोनदा डोळे पुसले. ते ठेच्यामुळे असावं, पण सगळंच तसं नसावं. विमानतळावर सोडायला दाभाडे साहेब गेले होते. कॉलिनचे कान पिवळेच होते आणि घोंगडं त्यानं सामानात द्यायला नकार देऊन हातात घेतलं, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं.

रविवारी लग्नाला मी आणि माझे मिस्टर गेलो. माइकवरच्या माणसाला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं पत्रिकेवरून वाचत दोन्ही प्रमुख पाहुणे आपल्यात उपस्थित असल्याचं जाहीर केलं. पुढारीही आलेले नव्हते, पण त्यांना कुणी शोधलं नाही. मामा मात्र उठले आणि मांडवभर बघत फिरले. मग खरातांसमोर येऊन उभे राहिले.

खरातांनी ताप आला असं सांगितलं नाही. साहेबांचं विमान काल होतं, म्हणून ते हळदीला येऊन गेले, असं सरळ सांगितलं आणि मोबाइलवरचे फोटो दाखवले. मामांनी बराच वेळ फोटो पाहिले. पिवळा इंग्रज, खांद्यावर घोंगडं, शेजारी म्हातारा. त्यांना राग आला, पण वेगळाच. मुलाकडच्यांना हळदीला का बोलावलं नाही, असा. खरातांच्या वडलांनी वाद घातला नाही. साहेबासाठी आणलेला मानाचा फेटा तसाच पडून होता, तो त्यांनी मामांच्या डोक्यावर बांधायला लावला. मामांना तो शोभला. जेवणाच्या पहिल्या पंगतीत ते फेट्यासकट बसले आणि मुलगी तिच्या दारातून गेली.

नंतर मी कोर्सचा क्रम बदलला. माझं नाव अमुक, मी अमुक गावचा, हा पहिला धडा आहे तसाच आहे. दुसरा धडा आता विश आणि वुडचा. दाभाडे साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, की परक्या भाषेत स्वतःचं नाव सांगता आलं की माणसाला लगेच लागणारी गोष्ट म्हणजे समोरचा आपल्याला नाही म्हणतोय हे ओळखता येणं. बाकीचं व्याकरण सावकाश झालं तरी चालतं.