खांद्यांचं अर्धं मिनिट

एक्स-रे विभागात तिला सगळे झटपटबाई म्हणत. पूर्वी तिथे तिघं तंत्रज्ञ होते. एक निवृत्त झाला, दुसरीने नोकरी सोडली, आणि साहेबांनी दोघांचंही काम हिच्या गळ्यात मारलं. दिवसाला छातीचे नव्वद एक्स-रे! सुरुवातीला ती रडकुंडीला आली, मग हात सरावले, आणि खरं सांगायचं तर त्या नावाचा तिला थोडा माजही चढला.

छातीचा एक्स-रे काढताना माणसाचे खांदे धरून पुढे ढकलायचे असतात, म्हणजे पाठीतली पात्यासारखी हाडं फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. काम जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. पण नव्वद वेळा अर्धं मिनिट म्हणजे जेवणाची सुट्टीच की! झटपटबाईने ते कधीचंच गाळून टाकलं होतं.

एका सकाळी खोकल्याने बेजार झालेला एक म्हातारा बसड्रायव्हर बायकोबरोबर आला.

“सहा महिन्यांपूर्वी तुमच्याकडेच आलो होतो,” काकू म्हणाल्या. “किती पटकन सोडलंत! आजही तसंच करा हं.”

पण या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठीवर बजावून लिहिलं होतं, ‘खांदे पुढे घ्या.’ तिने घेतले. पडद्यावर लिंबाएवढा डाग दिसला. तिने जुना एक्स-रे उघडला. नेमक्या त्याच जागेवर पात्याचं पांढरं हाड आडवं आलं होतं, आणि त्याच्या कडेखालून डाग जरासा डोकावत होता. खाली रिपोर्ट होता, ‘नॉर्मल’.

ती तडक रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. “सर, मागचा एक्स-रे मी नीट काढला नव्हता.”

“आणि मी तो तसाच पास केला,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्यापुढेही शेदोनशे एक्स-रे तुंबले होते. “जाऊ द्या, कोण विचारतंय?”

कोणी विचारणार नव्हतं, म्हणूनच तिचं मन तिला जास्त खात होतं.

दुपारी डॉक्टरांनी दोघांना डागाचं सांगितलं. ते बाहेर बाकावर सुन्न बसले होते. रांग कुरकुरत असताना ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काका, मागच्या वेळी मी घाई केली. नीट काढला असता तर तेव्हाच दिसलं असतं. चूक माझी आहे.”

म्हातारा तिच्याकडे बघून म्हणाला, “उशीर झाला की मीपण थांबे गाळायचो, ताई. माणसं मागून हात करत पळायची. आरशात दिसायची मला.”

तिला वाटलं, याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकू मात्र तिच्याकडे बघत नव्हत्या. “मी तर आमच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं,” त्या हळूच म्हणाल्या, “की त्याच बाईंकडे जा.”

“किती जण आले होते, काकू?” तिने कसंबसं विचारलं.

काकू बोटांवर मोजू लागल्या.